एकामागून एक अपयश आल्यावर उमेद टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की परीक्षेत दोनदा अपयश आलं, मधेच नोकरीही गेली, आणि आता पुस्तक उघडायलाही हात जात नाही. प्रेरणादायी व्हिडिओ पाहिला की रात्रीपर्यंत अंगात वारं भरतं, सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून दोन गोष्टी विचारताय: एवढं झाल्यावर माणसानं प्रेरित राहायचं कसं, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसावं की नाद सोडावा.

पहिल्याचं आधी बोलतो, दुसऱ्याचं शेवटी.

सतत प्रेरित राहणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी माणसं मनानं खचलेली असतातच, वर शरीरानंही त्यांची साथ सोडलेली असते. त्यामुळे उमेद परत कशी येते, हे रोज डोळ्यांसमोर घडताना दिसतं. बहुतेकांच्या बाबतीत ती आधी येत नाही. काम सुरू होतं, आणि मग कधीतरी ती मागून येते.

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला एखादा खेळाडू घ्या. एरवी धडधाकट गडी. ऑपरेशननंतर त्याला म्हटलं, मांडी आवळ, तर मांडी आवळतच नाही. स्नायू फाटलेला नसतो, नस शाबूत असते. पण सांध्याला इजा झाली आहे, आत सूज आहे, हे कळल्यावर मज्जासंस्थाच त्या स्नायूला गप्प बसवते. तो डोळे वटारून पायाकडे बघतो, दात-ओठ खातो, आणि पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून राहतो. 'माझ्यात दमच उरला नाही' असं अगदी मनापासून म्हणतो.

तेव्हा आम्ही त्याला मैदानाची स्वप्नं दाखवत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत ती गुडघ्यानं खाली दाबून धर म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही हललेलं दिसत नाही. म्हणून त्याचाच तळहात त्याच्या मांडीवर ठेवायला लावतो. बरेच प्रयत्न फुकट जातात आणि मग कधीतरी त्या हाताखाली काहीतरी किंचित टणक होतं. तेवढ्यानं चेहरा पालटतो! पूर्ण जोमानं खेळायला अजून नऊ-नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागणार असतात आणि हे त्यालाही माहीत असतं. तरी दुसऱ्या दिवशी तो कुणी न सांगता टॉवेल मागून घेतो.

तुमचंही मला असंच झालेलं दिसतंय. ताकद गेलेली नाही, पण लागोपाठ मार बसल्यामुळे आतून कुणीतरी ती बंद करून ठेवली आहे.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. 1967 साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. (क्रूर होता. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि न दिलेलंच बरं.) काही कुत्र्यांना विजेचे झटके स्वतः थांबवता येत होते, काहींना काहीही केलं तरी थांबवता येत नव्हते. पुढे त्यांना अशा पेटीत ठेवलं की मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका. पहिल्या गटातले टुणकन पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे जागीच पडून राहिले. आपल्या हातात काही नाही हे ते शिकलेत, असा निष्कर्ष निघाला आणि पुढची कित्येक वर्षं तोच पाठ्यपुस्तकांत राहिला.

गंमत पुढे आहे. 2016 मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. त्रास लांबत गेला की गप्प पडून राहणं ही मेंदूची उपजतच प्रतिक्रिया आहे, ती कुणी शिकवावी लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं. आणि हे सांगून शिकता येत नाही. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना शेवटी दोरीनं ओढून कुंपणापलीकडे न्यावं लागलं, पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे ते आपणहून जाऊ लागले.

तुमच्या व्हिडिओंचं घोडं इथेच अडतं. कुणीतरी सांगतं 'तू करू शकतोस', तुम्हाला पटतंही, पण तळहाताखाली काहीच टणक होत नाही. गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात तर असं दिसलं की यशाची गोडगोड चित्रं नुसती मनात रंगवली की माणसाचा जोर वाढायच्या ऐवजी ओसरतो, जणू काम झाल्याचं समाधान आधीच चाखून झालं. शिवाय व्यासपीठावर बोलायला जिंकलेल्यांनाच बोलावतात. तेवढेच कष्ट करून हरलेल्यांचे व्हिडिओ कोण काढणार?

मग करायचं काय? एक असं काम शोधा की ज्याचा निकाल त्याच बैठकीत लागतो आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात नसतो. पाच गणितं सोडवून लगेच उत्तरं ताडून पाहणं हे असं काम आहे. नोकरीचा अर्ज पाठवणं तसं नाही, कारण उत्तर येणं न येणं समोरच्याच्या मर्जीवर. अर्ज जरूर पाठवा, पण हिशेब पाठवलेल्या अर्जांचा ठेवा, आलेल्या उत्तरांचा नको. आणि काम इतकं लहान घ्या की सांगायला लाज वाटावी. अपयशानंतर आपण नेमकं उलटं करतो. रविवारी रात्री बसून रंगीत पेनांनी रोज बारा तासांचं वेळापत्रक आखतो, मंगळवारी ते मोडतं आणि अपयशाच्या यादीत आणखी एकाची भर पडते. खचलेल्या माणसानं वेळापत्रक करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वेळ आणि एक काम ठरवावं, बस्स. 'सकाळी दात घासून झाले की टेबलाशी बसून काल चुकलेलं एक गणित' असं आधीच्या एखाद्या सवयीला बांधून ठेवलं तर ते घडण्याची शक्यता वाढते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलंय.

इच्छा होत नसताना बसायचं का? हो. नैराश्याच्या उपचारांत हे तपासून झालंय. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचारांची पद्धत बदलायला शिकवणारा पूर्ण मानसोपचार आणि त्यातला फक्त 'हालचाल वाढवा, ठरवलेली कामं करा' हा भाग यांची तुलना केली. नुसता हा भागही जवळपास तेवढाच उपयोगी ठरला.

आता त्या दोन नापास झालेल्या परीक्षांकडे. त्यांची गुणपत्रकं तुम्ही नीट पाहिलीच नसतील, अशी माझी अटकळ आहे. नापास म्हटल्यावर कागद कपाटाच्या तळाशी जातो. इथे मला अँड्र्यू वाइल्स हा गणितज्ञ आठवतो. शतकानुशतकं न सुटलेल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता सापडल्याचं त्यानं जून 1993 मध्ये केंब्रिजमधल्या व्याख्यानांत जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या. काही महिन्यांतच सिद्धता तपासताना तिच्यात मोठी फट निघाली. म्हणजे सगळ्या जगासमोर नापास! त्यानं रिचर्ड टेलर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला मदतीला घेतलं, तरी महिनोन्‌महिने काही सुटेना. सप्टेंबर 1994 मध्ये, हार मानण्याच्या बेतात असताना, निदान ही पद्धत का चालत नाही एवढं तरी समजून घेऊ म्हणून तो बसला. आणि जिथे ती अडत होती तिथेच, आधी टाकून दिलेली दुसरी पद्धत चालेल हे त्याला दिसलं. 1995 मध्ये सिद्धता छापून आली.

आपण वाइल्स नाही, मान्य. पण 'मी नापास झालो' आणि 'अमुक भागात वेळ पुरला नाही म्हणून इतके गुण गेले' यांत फार फरक आहे. पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही, दुसऱ्यावर येतं. आणि हे एकट्यानं करू नका. शेजारी कुणीतरी बसवा, शक्यतो उपदेश न करणारं.

स्वतःला शिव्या घालून जोर येतो, असा एक समज आहे. 2012 मध्ये ज्युलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांनी चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. ज्यांना स्वतःच्या अपयशाकडे जरा समजुतीनं बघायला लावलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

एक गोष्ट मात्र अभ्यासाच्या युक्त्यांनी सुटणारी नाही. झोप बिघडली आहे, भूक मेली आहे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नाही, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. सुजलेल्या गुडघ्यावर मी कुणाला पळायला लावत नाही.

राहिली तिसरी परीक्षा. सोडून देणं म्हणजे पळपुटेपणा, हे मला मान्य नाही. कार्स्टन व्रॉश यांच्या संशोधनानुसार हाती न लागणारं ध्येय सोडून दुसऱ्याकडे वळता येणारी माणसं मनानं जास्त बरी राहतात. अट एवढीच की वळायला दुसरं काहीतरी असावं. पण आजच्या मनःस्थितीत हा निर्णय घेऊ नका, कारण आज उत्तर 'सोड' असंच येणार. सहा आठवडे पुढची एक तारीख लिहून ठेवा. तोवर वरचं छोटं काम करा, गुणपत्रकं घेऊन जाणत्या माणसाशी एकदा बसा, आणि एक सराव परीक्षा वेळ लावून द्या. गेलेल्या गुणांपैकी निम्मे तरी भरून निघण्यासारखे दिसले तर बसा. नाही दिसले तर दुसरी वाट धरा, आणि घरच्यांना कारण विचारायला लावू नका, तो सराव परीक्षेचा कागदच दाखवा.