सोलेआची टाळी कुठे पडते?

प्रश्न: स्पेनमधल्या फ्लामेंको गायनातला सोलेआ हा प्रकार बारा मात्रांचा असतो, असे वाचले. एकतालाप्रमाणे पहिल्या मात्रेवर टाळी देऊन मोजू लागलो, की दुसऱ्या आवर्तनातच चुकतो. सिगिरिया या दुसऱ्या प्रकारात तर बारा मात्रा सापडतच नाहीत.

उत्तर: तुम्ही सम पहिल्या मात्रेवर शोधता आहात. सोलेआत पहिली मात्रा कोरी असते. जोर 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर पडतो. बहुतेक जण 6 नंतर अडखळतात. तीन-तीनची चाल अंगात भिनलेली असते, म्हणून हात 9 वर पडतो आणि आवर्तन कोसळते. तिथून चाल दोन-दोनची होते, ते ओठांवर घोळवून पक्के करा. मेट्रोनोम मिनिटाला 80 वर ठेवा, बाराही आकडे मोठ्याने म्हणा, टाळी मात्र त्या पाचांवरच द्या. चुकलात तर गिटारीकडे कान लावा: 3 वर ती बहुधा कोमल रिषभाच्या स्वरमेळावर (कॉर्डवर) चढते आणि 10 वर षड्जावर विसावते. विसाव्याची जागा हीच, दहावी.

सिगिरिया म्हणजे हेच चक्र, पण 8 पासून सुरू केलेले. तिथे बारा मोजूच नका. पाच विषम ठोके धरा (‘नि’ म्हणजे ‘आणि’): एक-नि, दोन-नि, तीन-नि-नि, चार-नि-नि, पाच-नि. तिसरा आणि चौथा लांब. हे दोन ठोके आखडले की सिगिरियाचा सगळा भार निघून जातो.

प्रश्न: गाण्याच्या सुरुवातीचा ‘आय’ हा लांबलचक उद्गार म्हणजे आलापच ना?

उत्तर: काम थोडे सारखे, विस्तार नाही. त्याला तेम्प्ले म्हणतात. त्यात गायक गळा सुरात बसवतो आणि त्या प्रकाराची हवा तयार करतो. षड्ज गळ्याप्रमाणे बदलतो, म्हणून गिटारवादक ‘सेहिया’ नावाची पट्टी दांडीवर हव्या त्या घरात आवळतो. उतरताना म, कोमल ग, कोमल रे, सा अशी वाट असते, पण शेवटच्या स्वरमेळात गिटार शुद्ध गंधार वाजवते. गळ्यात कोमल आणि गिटारीत शुद्ध, ही ओढाताण पहिल्यांदा बेसूर वाटते. ती दुरुस्त करू नये, कारण रंग तिच्यातच आहे. तोना आणि मार्तिनेते हे प्रकार तर गिटारीशिवायच गातात. सूर ऐकायला कान तयार करायचा असेल, तर तिथून सुरुवात करावी.

प्रश्न: आवाज खरखरीतच लागतो का?

उत्तर: नाही. एल फियो या जुन्या गायकाच्या नावावरून त्या आवाजाला ‘आफिया’ म्हणतात, पण तो अनेकांतला एक. 1922 च्या ग्रानादातील कांते होंदो (‘खोल गायन’) स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आंतोनिओ चाकोन यांचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. घसा घासून खरखर आणू नका. गळा बसतो आणि सिगिरियाला लागणारा लांब श्वासही तुटतो.