साकाना म्हणजे मासा, पण आधी तोंडीलावणं

प्रश्न असा आहे की जपानी पद्धतीच्या हॉटेलात मेन्यूवर 'स्मॉल प्लेट्स' लिहिलेलं असतं, चार घासांच्या डिशेस येतात, त्यांना मराठीत चखणा म्हणावं का, आणि इझाकाया म्हणजे नेमकं काय.

आधी इझाकाया, म्हणजे दारू आणि सोबत खाणं मिळणारी जपानी बसायची जागा. साकाया म्हणजे साकेचं, दारूचं दुकान, आणि 'इ' म्हणजे बसणं, थांबणं. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक दुकानातून दारू घेऊन घरी न जाता तिथेच बसून प्यायला लागले त्यातून हा शब्द आला, जोडशब्दात 'सा'चा 'झा' झाला. आपण 'आज बसायचं का?' विचारतो ना, त्यातलंच बसणं आहे हे, मला तर फार आवडतं हे साम्य.

आता चखणा. याला जपानीत जवळचा शब्द ओत्सुमामी, 'त्सुमामु' म्हणजे चिमटीत धरणं त्यावरून. आपला चाखण्यावरून, त्यांचा चिमटीवरून. एदामामे घ्या, एदा म्हणजे फांदी आणि मामे म्हणजे शेंगेतला दाणा, सोयाबीनच्या कोवळ्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडतात, शेंग ओठांशी धरून दाबली की दाणा तोंडात येतो आणि टरफलावरचं मीठ ओठांना लागतं, थंडीत आपण तुरीच्या शेंगा उकडून खातो अगदी तसंच. हा चखणाच, दुसरा शब्द शोधूच नका.

पण याकितोरी (काडीला लावून भाजलेले चिकनचे तुकडे), साशिमी (कच्च्या माशाचे काप), गोड चवीचं जाड ऑम्लेट यांना चखणा म्हणणं मला पटत नाही, तिथे लोक त्यावरच जेवतात. इथे साकाना हा शब्द बघा. आज साकाना म्हणजे मासा, पण मुळात 'साका' म्हणजे साके आणि 'ना' म्हणजे जेवणात भाताबरोबर खायचं ते, म्हणजे शब्दशः दारूचं तोंडीलावणं! माशाला जुना शब्द उओ होता, पण दारूबरोबर मासाच जास्त खाल्ला जायचा म्हणून ते नाव माशालाच चिकटलं.

कोणी म्हणेल तोंडीलावणं भाकरीबरोबर असतं, इथे भाकरी कुठाय? बरोबर आहे, पण इझाकायात भाकरीची जागा साकेने घेतलेली असते आणि भात किंवा रामेन (रश्श्यातल्या नूडल्स) अगदी शेवटी मागवतात, त्याला शिमे म्हणतात, म्हणजे समारोप. आपल्याकडे नाही का, सगळं झाल्यावर शेवटी ताकभात.

तेव्हा शेंगा आल्या की चखणा म्हणा, बाकीच्या प्लेट्सना बिनधास्त तोंडीलावणी म्हणा.