गिटारवर हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ स्पष्ट वाजत नाहीत. बोटांची ताकद वाढवण्यासाठी कोणता व्यायाम करावा?

तुम्ही लिहिले आहे की सहा महिने शिकूनही हॅमर-ऑनचा (वाजत्या तारेवर डाव्या हाताचे बोट आपटून काढलेला) स्वर दबका येतो, पुल-ऑफ (तारेवरचे बोट काढताना येणारा खालचा स्वर) तर ऐकूच येत नाही, आणि क्लासमधल्या सरांनी बोटांत ताकद नाही असे सांगून तुम्हाला स्प्रिंगचे ग्रिपर घ्यायला लावले आहे. ते ग्रिपर आजपासून बंद करा. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो आहे, कारण याच सल्ल्यापायी माझे सव्वा वर्ष वाया गेले आणि आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो आजही पुरता मिटलेला नाही.

अकरावीत असताना मी डोंबिवलीत, दादाने वापरून सोडून दिलेल्या अकूस्टिक गिटारवर शिकू लागलो. ए मायनर कॉर्ड धरायचा, चौथ्या तारेवरचे मधले बोट उचलायचे, तार मोकळी छेडायची आणि तेच बोट पुन्हा दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पडद्यापाशी, आपटायचे, हा अगदी पहिला हॅमर-ऑन. बाकीच्या मुलांचा तो खणखणीत वाजे. माझा मात्र लाकडावर बोट टेकवल्यासारखा ‘ठप्’ असा आवाज येई. सरांनी दोन-तीन वेळा पाहिले आणि बोटे कमजोर आहेत असा निर्णय दिला. मी ग्रिपर आणले आणि कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये उभ्या उभ्या ते दाबत राहिलो. चौथ्या महिन्यात मनगट असे दुखू लागले की डॉक्टरांनी तीन आठवडे गिटारला हात लावायचा नाही असे बजावले. गिटारमध्येच काही दोष असेल का, असे मी एकदा घरी बोलून दाखवले, तेव्हा दादा म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडे.” त्यानंतर वर्षभर मी तो विषय काढला नाही.

पुढे तिसऱ्या तारेची खुंटी सैल झाली म्हणून गिटार दादरला वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेली. खुंटी बसवल्यावर त्यांनी सहज ए मायनर धरून तोच चौथ्या तारेवरचा हॅमर-ऑन वाजवला. तीस-चाळीस वर्षे वाद्यांवर फिरलेला तो हात, आणि आवाज अगदी माझ्यासारखाच, ‘ठप्’. त्यांनी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती जागा उरते ते मला दाखवले. “इथून कागद जेमतेम सरकायला हवा, तुझ्या गिटारमध्ये तर अख्खे पोस्टकार्ड जाईल,” असे ते म्हणाले. मग त्यांनी पोलादी पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरली. फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर ३.५ मिलिमीटर भरले, जे साधारण २.५ असायला हवे होते.

त्यानंतरचा अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. एकेक तार सैल करून बाजूला सारायची, नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत बारीक कानस दोन-तीनदाच फिरवायची, पांढरी भुकटी फुंकून टाकायची, तार पुन्हा बसवून बघायची आणि गरज असेल तरच कानस परत उचलायची. खालचे सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारांना आधार देणारी पट्टी, काढून त्यावर त्यांनी पेन्सिलने रेघ मारली आणि काचेवर पसरलेल्या सॅंडपेपरवर ते त्या रेघेपर्यंत घासले. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, त्यामुळे तिथे १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल २ मिलिमीटर उतरवावे लागते, हेही त्यांनी घासता घासता समजावले. गिटार हातात घेऊन मी तोच हॅमर-ऑन वाजवला आणि तो वाजला. बोटे सकाळी होती तीच होती.

याचे कारण समजून घ्या. हॅमर-ऑनमध्ये आवाज बोटाच्या जोरातून नव्हे, तर वेगातून येतो. बोटाचे टोक तारेवर पडताच तार क्षणार्धात फ्रेटवर टेकली पाहिजे. तार जितकी उंच, तितका तो वेग तिला वाकवण्यातच संपतो आणि फ्रेटवर ती रेंगाळत पोहोचते. बोट फ्रेटपासून मागे, दोन फ्रेटांच्या मध्यावर पडले तरी हेच होते. म्हणून ते फ्रेटच्या अगदी लगत, टोकावर पडावे. त्यासाठी बोट सेंटीमीटरभर उचलले तरी पुरते. हात उगारून मारल्याने आवाज वाढत नाही, फक्त वेळ चुकते. तुमच्याकडे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असेल तर तो पहिल्या फ्रेटवर लावून हाच हॅमर-ऑन वाजवून पाहा. एकदम सोपा झाला, तर दोष नटचा आहे, तुमच्या बोटांचा नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. नट घासल्याने माझे हॅमर-ऑन सुधारले, पुल-ऑफ नाही. तिथे चूक माझीच होती, कारण मी बोट तारेवरून सरळ वर उचलत होतो. पुल-ऑफमध्ये बोट उचलायचे नसते, त्याने तार छेडायची असते. निघता निघता बोटाचे टोक तारेला किंचित जमिनीच्या दिशेने ओढून सोडते आणि त्या ओढीतूनच दुसरा स्वर जन्मतो. सतारवादक हेच क्रिंतन म्हणून शिकतात, आणि उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या वादनात क्रिंतन आणि जमजमा (डाव्या हाताने स्वर भरभर घोळवणे) ऐकले की डाव्या हाताने तार छेडणे किती दाणेदार असू शकते ते कळते. मागे राहणारे बोट मात्र आधीच आपल्या फ्रेटवर घट्ट असले पाहिजे, नाहीतर तारेबरोबर तेही ओढले जाते आणि स्वर चढतो.

सराव म्हणाल तर पिक बाजूला ठेवून फक्त डाव्या हाताने, मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्याला दोन स्वर, बोटांची एकेक जोडी घेऊन रोज पाच मिनिटे करा. वेग वाढवण्याची घाई नको. दोन्ही स्वर सारख्या आवाजाचे आले की मगच पुढे जा. अनामिका आणि करंगळीची जोडी सर्वांनाच जड जाते, कारण या दोन बोटांचे स्नायुबंध एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे तिथेही कोणी कमजोरीचे नाव काढले तर मनावर घेऊ नका. दुखू लागले की थांबा.

गिटार तपासायला न्याल तेव्हा तारा फार खाली आणू नका, त्या फ्रेटवर खरखरतात. कानस घरी चालवू नका, खाच जास्त खोल गेली तर नट बदलावाच लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, म्हणून ऐन जुलैत मोजलेल्या मापावर कायमचा निर्णय घेऊ नका. इलेक्ट्रिक गिटार असेल तर तारा मुळातच खाली आणि बारीक असतात, तेव्हा तिथे आधी आपले बोट तपासा.

दादाचे म्हणणे मात्र अनेक वर्षे हेच राहिले की सव्वा वर्षाच्या मेहनतीने माझी बोटे तयार झाली होती आणि कानस फिरवणे हा निव्वळ योगायोग होता. मी त्याला दर वेळी सांगत आलो की सकाळी न वाजणारा स्वर संध्याकाळी वाजला, आणि मधल्या वेळात मी काहीच मेहनत केली नव्हती. पण त्यानेही ती गिटार बोटे कमजोर आहेत असे ऐकूनच सोडली होती, त्यामुळे माझे म्हणणे पटवून घेणे त्याला जड जात असावे. गेल्या दिवाळीत त्याच्या मुलासाठी गिटार घेतली, तेव्हा त्याने दुकानातून मला फोन केला आणि विचारले की पट्टी बाराव्या फ्रेटवर नेमकी कुठे टेकवायची.