थंडी सरली, तरी रोपाला ती कशी आठवते?

प्रश्न : आमच्याकडे रांगडा कांदा असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका पडला की पुढे, ऊन तापू लागल्यावर, पिकात डेंगळे (फुलांचे दांडे) निघतात. थंडी संपलेली असताना रोपाला ती कशी लक्षात राहते? शिवाय ‘डेंगळ्या कांद्याचे बी धरू नये, पुढच्या पिकालाही तीच खोड लागते,’ असे माझे वडील म्हणतात. त्यात तथ्य आहे का?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्याचे कारण थंडीच्या आठवणीत नाही. आधी आठवणीकडे वळू.

पुरेशी थंडी सोसल्यावरच फुलोऱ्याला तयार होण्याच्या या गुणाला व्हर्नलायझेशन म्हणतात. त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपावर. कांद्याचे कुळ त्याहून फार दूरचे असल्याने तिथल्या जनुकांची नावे कांद्याला जशीच्या तशी लावू नयेत. परंतु पेशी एखादी गोष्ट कशी लक्षात ठेवते, हे त्या रोपावरून उत्तम समजते.

अरॅबिडॉप्सिसमध्ये ‘एफएलसी’ नावाचे जनुक फुलोरा रोखून धरते. काही आठवडे थंडी मिळाली की ते बंद पडते, आणि ऊब परतल्यावरही बंदच राहते. या काळात डीएनएमधील एकही अक्षर बदललेले नसते. बदल होतो तो डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर. दोरा रिळावर गुंडाळावा तसे सुमारे १४७ अक्षरजोड्यांचे जवळजवळ पावणेदोन वेढे एकेका हिस्टोन-रिळावर असतात. रिळाबाहेर डोकावणाऱ्या प्रथिनाच्या शेपटीवर, एका ठरावीक जागी, तीन मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, बसवले जातात. थंडीत ही खूण जनुकाच्या एका लहानशा भागात उमटते आणि ऊब आल्यावर संपूर्ण जनुकावर पसरते.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ते यापुढचे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा जुनी, खुणा असलेली रिळे दोन्ही प्रतींत वाटली जातात आणि उरलेल्या जागी नवी, कोरी रिळे येतात. म्हणजे प्रत्येक विभाजनागणिक खुणा निम्म्यावर येतात. त्या विरून का जात नाहीत? कारण खूण बसवणारा प्रथिनांचा संच आधी शेजारच्या रिळावरची जुनी खूण ओळखतो, तिला धरून बसतो आणि मग कोऱ्या रिळावर तशीच खूण करतो. आठवण अशी पेशींच्या दर पिढीत नव्याने लिहिली जाते. कॅरोलाइन डीन आणि मार्टिन हॉवर्ड या शास्त्रज्ञांच्या गटांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : एकेका पेशीत हे जनुक अर्धवट बंद होत नाही, ते एक तर चालू असते किंवा बंद. थंडी जितकी लांबते तितक्या अधिक पेशींत ते बंद पडते, आणि म्हणूनच चार दिवसांच्या गारठ्याचा परिणाम महिनाभराच्या थंडीएवढा होत नाही.

आता बियाण्याविषयी. अरॅबिडॉप्सिसमध्ये बी तयार होत असताना गर्भात ही खूण पुसली जाते, एफएलसी पुन्हा चालू होते आणि नव्या रोपाला स्वतःची थंडी स्वतःच सोसावी लागते. मग वडील बरोबर कसे? थोड्याशा थंडीने, कांदा पोसण्याआधीच डेंगळा काढणाऱ्या रोपात तशी प्रवृत्ती बहुधा मुळातच, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतच, असते. त्याचे बी धरले की आपण नेमकी तीच प्रवृत्ती निवडतो, आणि अक्षरांतली गोष्ट बीजात पुसली जात नाही. तेव्हा डेंगळा न आलेले, बारीक मानेचे, चांगले टिकलेले कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियाण्यासाठी लावावेत. त्यांना पुढच्या थंडीत डेंगळे येतील, आणि तिथे ते हवेच असतात.