वाचकांचे प्रश्न : हवामान आणि क्रूझचा थांबा

प्रश्न : आम्ही उभयता ज्येष्ठ नागरिक मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जाणार आहोत. हवा बिघडल्यास बेटावर उतरवत नाहीत, असे ऐकले. ते का, आणि जहाजावर आम्ही सुरक्षित असू का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यातच थांबते व प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. जहाज आणि होडी लाटांवर वेगवेगळ्या लयीत खालीवर होत असताना एकीतून दुसरीत पाऊल टाकणे हाच खरा धोका असतो, आणि साठीच्या पुढच्या गुडघ्यांना तो अधिक जाणवतो. धक्क्याला लागणाऱ्या जहाजालाही जोराचा वारा अडवतो, कारण त्याची उंच बाजू शिडासारखी वारा धरते. सुरक्षिततेबाबतचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो आणि त्यावर कंपनीलाही दडपण आणता येत नाही.

खवळलेल्या समुद्रात मोठे जहाज बुडण्यापेक्षा प्रवासी जिन्यात वा न्हाणीघरात घसरून पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. म्हणून कठडा धरूनच चालावे. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कलंडलेल्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाले आणि 2015 पासून प्रवाशांची सुरक्षा कवायत (संकटात काय करायचे याचा सराव) जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेतली जाते. ती कंटाळवाणी वाटली तरी चुकवू नये.

थांबा रद्द झाल्यास भाडे सहसा परत मिळत नाही, तेव्हा तिकिटाच्या अटी आधीच वाचाव्यात.