आजोबांचा चावीचा ग्रामोफोन दुरुस्त केला तर आवाज किती चांगला येईल, आणि तो चांगला आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय ना, "याला भोंगा नाही, नुसती पेटी आहे, मग दुरुस्तीवर खर्च करावा की नाही", त्या एका ओळीसाठी हे लिहून राहिलो. नाही तर मी इथे फक्त वाचतो.

भोंगा आहे. पेटीच्या आत दुमडून बसवलेला आहे. आणि आवाज भोंग्यापेक्षा साउंडबॉक्सवर (पिन बसवतो ती गोल डबी) ठरतो, ही गोष्ट मी आमच्या जावईबापूंना सांगून सांगून थकलो.

आमच्याकडे (मोर्शीच्या आत, लहान गाव आहे) आबाजींची एचएमव्हीची 101 आहे, 1925 साली निघालेलं मॉडेल, काळी सुटकेससारखी पेटी. आबाजी गेल्यावर ती सरकीच्या पोत्यांमागे पडून होती. काढली तर आतल्या भोंग्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि स्प्रिंगच्या डब्यात कोण्या शहाण्यानं बैलबंडीच्या आसाचं वंगण कोंबलेलं. ते असं वाळलं होतं की गाणं चालू असताना मधेच आतून ठक्क व्हायचं आणि सूर झोल खायचा. तुमच्याही मशीनला हे होत असेल तर स्प्रिंग तुटली म्हणून घाबरू नका, वेढे वाळक्या ग्रीसनं चिकटतात अन् एकदम सुटतात एवढंच. स्प्रिंग काढून रॉकेलनं धुवायची आणि ग्रॅफाइट ग्रीस भरायचं. हे काम आमच्याकडे अमरावतीच्या एका शिलाई मशीनवाल्या काकांनी केलं, त्यांनी आधी कधी ग्रामोफोन उघडला नव्हता पण हात चांगला. गव्हर्नरच्या (स्पीड एकसारखा ठेवणारा भाग) चकतीवर जो चामड्याचा तुकडा टेकतो त्यावर तेलाचा थेंब द्यायचंही त्यांनाच सुचलं, त्याच्याशिवाय स्पीड थरथरतो.

साउंडबॉक्स मात्र मी कोणाच्या हाती दिला नाही. 101 वर बहुतेक नंबर 4 चा असतो, त्यात अभ्रकाचा गोल पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक रबरी नळीच्या रिंगा. इतक्या वर्षांत ते रबर दगड होतं. पडदा आवळला जातो, मग गाणारा नाकातून गातो आणि जोराची तान आली की झर्र आवाज येतो. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणली, मापानं कापून दोन रिंगा केल्या, साउंडबॉक्सच्या मागचं कडक झालेलं रबरही बदललं. खर्च चहाच्या पैशात. आणि फरक असा की आमची आई चुलीवरची भाकर टाकून ओसरीवर येऊन उभी राहिली.

आता पोळ्याची गोष्ट. ताई आणि जावईबापू आले ते गाडीत ग्रामोफोन घालूनच. मुंबईहून घेतलेला, पितळेचा लखलखीत भोंगा, आठकोनी पेटी, समोर कुत्र्याचा बिल्ला. असे नवे बनवून जुने म्हणून विकायचा धंदा आपल्याकडे किती वर्षांपासून चालू आहे, पण पाहुण्याच्या तोंडावर काय बोलणार. म्हणाले, "काय साळेबुवा, एवढ्याशा पेटीतून काय आवाज येईन?" मग दोन्ही ओसरीवर ठेवले आणि बालगंधर्वांची एकच तबकडी आळीपाळीनं लावली. त्यांचा आवाज मोठा, हाव, मारुतीच्या पारापर्यंत गेला, लोक वा वा करत आले. मी म्हटलं, शब्द ऐका ना. गळा वेगळा आणि ऑर्गन वेगळा ऐकू येतो का ते पाहा. माझ्या पेटीवर येत होता, त्यांच्या भोंग्यात सगळं मिळून लग्नातला बँड. आईनं डोळे वटारले, पुरणपोळ्या वाढायच्या होत्या, मी गप्प बसलो.

गप्प बसलो त्याचे पैसे असे फिटले की रात्री पोरांच्या आग्रहाखातर जावईबापूंनी तीच तबकडी एकाच पिनवर किती तरी वेळा वाजवली. स्टीलची पिन एका बाजूपुरती असते. तबकडीच्या मालात बारीक घासणारी पूड मुद्दाम मिसळलेली असते, ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, आणि बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धार येते. मग तीच पिन पुन्हा लावली की ती खाच कोरत जाते. सकाळी पाहिलं तर काळ्या तबकडीवर पांढुरके पट्टे. आबाजींची तबकडी होती ती. जावईबापू आजही म्हणतात रेकॉर्डच जुनी होती. मग माझ्या पेटीवर आदल्या दुपारपर्यंत काहून चांगली वाजत होती?

असो, तुमच्या प्रश्नाचं. आवाज ठरवायच्या आधी स्पीड पाहा. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि पिन टेकवून, गाणं चालू असताना मोजा, 10 सेकंदांत 13 फेऱ्या म्हणजे मिनिटाला 78 झाल्या, हवा तोच स्पीड. मोकळी फिरवून मोजलेलं खरं नसतं, पिनचा भार पडला की स्पीड उतरतो. मग बाजूचा शेवट ऐका, पूर्ण चावी देऊनही शेवटी सूर खाली घसरत असेल तर स्प्रिंग थकली. जोराच्या जागेला झर्र झालं तर रिंगा, नाही तर पिनेचा स्क्रू ढिला. खरखर ऐकून मशीनला नावं ठेवू नका, ती तबकडीची आहे. आणि आवाज कमी-जास्त करायचं बटन याला नाही, जाड पिन लावली की मोठा, बारीक लावली की लहान. खोलीभर येईल, शेजाऱ्याला ऐकवायला घेत असाल तर डीजे लावा.

जुन्या, म्हणजे मायक्रोफोनच्या आधीच्या रेकॉर्डवर पारख करू नका. तेव्हा गायक भोंग्यात तोंड घालून गायचे, त्यात डग्गा ऐकू येत नाही तो काही तुमच्या पेटीचा दोष नाही. मायक्रोफोननं रेकॉर्डिंग जगात 1925 पासून सुरू झालं, त्यानंतरची एखादी घ्या.

तबकड्या स्पिरिटनं पुसू नका. लाखेच्या आहेत, पळसावर होते तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. साध्या पाण्यानं, लेबल न भिजवता. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, टिनाच्या खोलीत ढीग करून ठेवल्या तर वाकतात, उभ्या ठेवा. एलपी (नंतरची प्लॅस्टिकची तबकडी) या मशीनवर चुकूनही लावायची नाही, एका फेरीत वाया जाते.

स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका हे वरच लिहायला पाहिजे होतं, सुटली तर बोटं कापते. आणि भोंगा मोठा असला तर खालचे सूर जरा जास्त येतात हेही खरं आहे, कारखान्यात नीट मापानं बनवलेला असेल तर. पितळ ठोकून शोभेसाठी केलेल्याची गोष्ट वेगळी, जावईबापूंनी वाचलं तरी चालेल.

तुमच्या मशीनचा फोटो टाका, साउंडबॉक्सचा, जवळून, मागची बाजूही दिसेल असा. मागच्या धातूला तडे गेले असतील तर नवा साउंडबॉक्सच शोधावा लागेल, मग नळी-बिळी आणत बसू नका.