वाचकांचे प्रश्न : शिकारीच्या बाणाचे पाते किती रुंद असावे?

प्रश्न : मी ठाण्यातील एका क्लबमध्ये कंपाऊंड धनुष्यावर तिरंदाजीचा सराव करतो. माझे आतेभाऊ अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतात आणि येत्या सप्टेंबरात त्यांच्यासोबत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला येण्याचा त्यांचा आग्रह आहे. त्यासाठी लागणाऱ्या ब्रॉडहेडमध्ये (शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकात) स्थिर पात्यांचे आणि उघडणाऱ्या पात्यांचे असे दोन प्रकार दिसतात. त्यांच्या रुंदीवर आणि प्रकारावर काय नियम आहेत? मी कोणते निवडावे? आणि ते इकडे आणून येऊरच्या बाजूला सराव केला तर चालेल का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर ती फार महागात पडेल. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. त्याच कायद्यानुसार शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच मानला जातो आणि राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीला किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. ‘मी फक्त झाडाच्या बुंध्यावर नेम धरत होतो’ हा खुलासा तिथे ऐकला जाईल, या भरवशावर कोणीही राहू नये. ब्रॉडहेड तिकडेच विकत घ्यावे, तिकडेच वापरावे आणि परतताना भावाकडे ठेवून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. अमेरिकेत यासाठी देशभर लागू असा एकच नियम नाही. प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते आपले नियम ठरवते आणि ते दर हंगामाला प्रसिद्ध करते. तरीही अनेक राज्यांत एकच माप पुन्हा पुन्हा आढळते, ते म्हणजे 7/8 इंच, सुमारे 22 मिलिमीटर, ही किमान रुंदी. बंदुकीच्या गोळीसारखा जबर धक्का बाण देत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. जखम अरुंद झाली तर जनावर दूरवर पळते, रक्ताचा माग तुटतो आणि ते झुडपात तासन्‌तास तडफडत राहते. हे टाळणे एवढाच या मापाचा हेतू आहे, आणि तो मनापासून पटल्याशिवाय कोणी धनुष्य घेऊन जंगलात जाऊ नये, असे मला वाटते.

कॅलिफोर्नियाचा नियम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मोठ्या जनावरासाठीचे ब्रॉडहेड 7/8 इंच व्यासाच्या छिद्रातून आरपार जाता कामा नये, असे तिथे सांगितले आहे, आणि उघडणाऱ्या पात्यांचे माप ती उघडलेली असताना घ्यायचे आहे. म्हणजे पत्र्याच्या तुकड्याला त्या मापाचे भोक पाडले की कोणीही घरच्या घरी तपासणी करू शकतो. कोलोरॅडोत किमान रुंदी तीच आहे. शिवाय पोलादाच्या निदान दोन कापणाऱ्या धारा हव्यात आणि प्रत्येक धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रतलात असावी लागते, त्यामुळे पीळ दिलेली पाती तिथे बाद ठरतात. धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान 35 पौंड असावा, अशीही तिथे अट आहे. मात्र ती कायद्याने आखलेली खालची मर्यादा आहे, एल्कसारख्या भारदस्त जनावराला तेवढा ताण पुरेसा आहे असा तिचा अर्थ कोणी काढू नये.

अनेक राज्ये मागे वळलेल्या आकड्यांच्या पात्यांना मनाई करतात. पात्याची मागची कड बाणाच्या दांड्याशी काटकोनापेक्षा लहान कोन करत असेल, तर साधारणपणे ते पाते आकडेदार समजले जाते. असे पाते शिरते, पण निघत नाही. नेम चुकून जनावर वाचले तरी ते पोलाद अंगात घेऊन फिरते. विषारी किंवा स्फोटक टोकांवरही अनेक ठिकाणी बंदी आहे.

प्रकाराच्या बाबतीत मतभेद खरे आहेत. उघडणारी पाती उडताना मिटलेली असतात, वारा कमी धरतात आणि सरावाच्या टोकासारखी सरळ जातात. पण उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्च होते, म्हणून हलक्या ताणाच्या धनुष्यावर ती पुरेशी खोल जात नाहीत, आणि हाडावर तिरकी आदळली तर दगा देऊ शकतात. आयडाहो आणि ऑरेगन या राज्यांनी त्यांच्यावर दीर्घकाळ बंदी ठेवली होती. पहिल्याच शिकारीला निघालेल्या माणसाने स्थिर पात्यांचे, 100 किंवा 125 ग्रेन वजनाचे ब्रॉडहेड घ्यावे, असा माझा सल्ला आहे. (100 ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम.) ठाण्यात सराव करताना त्याच वजनाचे साधे टोक लावावे, म्हणजे बाणाचा तोल बदलणार नाही. तिकडे पोहोचल्यावर मात्र प्रत्यक्ष ब्रॉडहेड लावून फोमच्या लक्ष्यावर बाण मारून पाहावेत, कारण स्थिर पाते वारा धरते आणि बाण हमखास थोडा बाजूला जातो. सरावात बोथटलेली पाती बदलूनच जंगलात जावे.

परवान्याबाबत एवढेच सांगतो, की 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला कोलोरॅडोत शिकारी-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. त्याची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी.

प्रश्न : माझी मुलगी शाळेकडून तिरंदाजी खेळते. स्पर्धेतही बाणाच्या टोकावर अशी मापे असतात का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : असतात, पण उलट दिशेने. तिथे किमान नव्हे, कमाल माप पाहतात : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बाणाच्या दांड्याचा व्यास 9.3 मिलिमीटरपेक्षा आणि टोकाचा 9.4 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. लक्ष्याची अवाजवी नासधूस करणारा बाण वापरता येत नाही, त्यामुळे ब्रॉडहेडचा प्रश्नच येत नाही. याखेरीज प्रत्येक बाणाच्या दांड्यावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावी लागतात. मुलीचे बाण नवे असतील, तर हे काम स्पर्धेच्या आदल्या दिवशीच उरकून घ्यावे.